खिडकीतला ग्लास

नागपूर,
२९ जुलै १९७९

आदरणीय दादास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि उत्तर आज देते आहे, म्हणून रागावू नकोस. डोळे उघडत नव्हते. गेल्या सोमवारी उठले तर पापण्या इतक्या सुजलेल्या की माय म्हणाली, "काहून वं, रातभर रडली का?" मी म्हटलं, छत्तीस वर्षांची मास्तरीण मी, रडवते दुसऱ्यांना.

कपाळ, गाल, मान आणि कोपराच्या आतली बाजू लाल होऊन फुगली आहे. मध्येच पाणी सुटतं, मग खपली धरते, मग काळं पडतं. आणि खाज! पाचवी 'ब'ला तेराचा पाढा म्हणायला लावते आणि फळ्याकडे तोंड करून मान खाजवून घेते. पोरी हुशार आहेत, मी खाजवायला लागले की पाढा मुद्दाम हळू म्हणतात. इथल्या डॉक्टरांनी खडूच्या धुळीचा त्रास असेल म्हणून एक पिवळं मलम दिलं. त्यानं आग जास्तच झाली.

बाकी नवं घर चांगलं आहे. लेआउटमधले निम्मे प्लॉट अजून रिकामे आहेत आणि पाऊस पडल्यावर तिथं कंबरेएवढं रान माजलं आहे. पानं गाजराच्या पाल्यासारखी आणि वर बारीक बारीक पांढरी फुलं. माय तर हरखूनच गेली. दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसली तेव्हापासून तिला बुद्धापुढे पांढरंच फूल लागतं, हे तुला माहीत आहे. आता बाजारात शेवंती शोधायला नको. रोज पहाटे ओंजळ भरून आणते. तिला सुई दिसत नाही म्हणून माळ मी ओवते. मूर्तीची फळी माझ्या टेबलाच्या वरच आहे, त्यामुळे वह्या तपासताना कालची सुकलेली फुलं वहीवर गळत असतात. एका पोरीनं विचारलं, "बाई, माझ्या वहीत भुसा कसा?"

मुख्याध्यापक रुपराव सरांनी परवा विचारलं, "गजभिये बाई, तोंडाला काय झालं?" मी म्हटलं, "पावसाळा झाला." ते हसले नाहीत.

कांतावहिनीला जपायला सांग. कितवा महिना लागला ते कळव.

तुझी,
सिंधू


बल्लारशा,
७ ऑगस्ट १९७९

प्रिय सिंधू,
जयभीम.

पत्र वाचून काळजी वाटली. तू थट्टेवारी नेतेस, पण तोंडाचा मामला आहे. उन्हात जाऊ नको, आंबट खाऊ नको, ते मलम बंद कर. कांताला सातवा लागला. दसऱ्यानंतर मायला इकडे घेऊन यावं म्हणतो.

रुपराव सरांशी असं तोंडावर बोलत जाऊ नको. तो आपला माणूस आहे. छप्पन साली दीक्षेच्या त्या गर्दीत खांद्यावर घागर घेऊन लोकांना पाणी पाजत फिरणारा पोरगा तो. त्यानंच पुढं चार लोक जमवून ही शाळा उभी केली, आणि तुला ऑर्डर दिली तेव्हा तुझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या दोघी रांगेत होत्या. त्याला काही वाटत असेल तर ते शाळेच्या काळजीनं वाटत असेल.

मला विचारशील तर महिना-दोन महिने रजा टाक आणि इकडे ये. माझ्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सामानाचा एखादा डाग फुटका दिसला तर आम्ही तो आधी बाजूला ठेवतो. त्यात त्या डागाचा अपमान नसतो. चार लोकांच्या डोळ्यांवर येण्याआधी बरी होऊन जा, एवढंच म्हणणं.

तुझा,
दादा


नागपूर,
२४ ऑगस्ट १९७९

आदरणीय दादास,
जयभीम.

तुझा डाग बाजूला ठेवला गेला, दादा. तुझं समाधान होवो.

शाळेच्या स्टाफरूममध्ये माठ आहे आणि माठाशेजारी स्टीलचे सहा ग्लास. सोमवारी मी वर्गावरून आले तर ग्लास पाचच. सहावा खिडकीत ठेवलेला, आणि त्याच्या बुडाशी नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका. मी इंदूबाईंना विचारलं, हे काय? इंदूबाई माझ्याबरोबर सात वर्षं डबा खातात. त्यांनी डब्यातच बघत सांगितलं, "सरांनी ठेवायले लावला. तुमच्यासाठी. प्यून वरून पाणी ओतून देईल."

वरून ओतून देईल! आपल्या शाळेत! ज्या भिंतीवर पहिल्या दिवशीचा, आपण सगळ्यांनी एका माठातलं पाणी पिऊन काढलेला फोटो आहे, त्या भिंतीखाली!

मी तशीच रुपराव सरांच्या खोलीत गेले. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "बाई, समजून घ्या. पालक येऊन विचारून राहिले. महारोग हाय का म्हणून. डिसेंबरात इन्स्पेक्शन हाय. आपली शाळा म्हणून आधीच दहा डोळे लागले हायेत आपल्यावर. उद्या पेपरात आलं का यांच्या शाळेत महारोगी मास्तरीण शिकवते, तर पोरी कोण पाठवीन?" मी म्हटलं, "महारोग आहे असं कोणी सांगितलं?" तर म्हणाले, "नाही असं तरी कोणी सांगितलं? तसा डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर रजेवर जा."

मी रजा घेणार नाही. ऐकतो आहेस? घेणार नाही. आणि त्या खिडकीतल्या ग्लासाला हातही लावणार नाही. अकरा ते पाच मी शाळेत पाणीच पीत नाही. तहान लागते तेव्हा मोठ्यांदा शिकवते. काल 'क'च्या वर्गापर्यंत माझा भूगोल ऐकू गेला म्हणे.

मायला यातलं काही सांगितलेलं नाही. ती सकाळी माळ मोठी करायला सांगते, मी करते. तोंड रोज नव्यानं पेटतं.

सिंधू


बल्लारशा,
१ सप्टेंबर १९७९

प्रिय सिंधू,
जयभीम.

ग्लासाचं वाईट झालं. मला मान्य आहे. पण नोकरी हातातून जाऊ देऊ नको. तू एकटी आहेस, माय तुझ्याकडे आहे. मी माझ्या परीनं जे करायचं ते केलं आहे. तू आता फक्त गप्प राहा, आणि पाणी पीत जा. घरून बाटली ने.

दादा


नागपूर,
२० सप्टेंबर १९७९

दादा,

जयभीम लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते. जयभीम.

तू तुझ्या परीनं काय केलंस ते मला मंगळवारी कळलं. रुपराव सरांनी ड्रॉवर उघडला आणि तुझं अक्षर माझ्यापुढे ठेवलं. "माझी भगिनी आजारी असल्याने तिची दीर्घ रजा मंजूर करावी, ती हट्टी आहे, तिचे म्हणणे मनावर घेऊ नये." सर म्हणाले, "तुमचे सख्खे भाऊच लिहितात, आता काय बोलता?" तुझी सही ओळखते मी. तीन महिन्यांची रजा तू माझ्या नावानं मागून टाकलीस, बल्लारशाला बसून!

मी तो अर्ज त्यांच्यासमोर फाडला आणि वर्गावर गेले. आता प्रकरण कमिटीपुढे जाईल, दिवाळीच्या सुट्टीनंतर. तिथं मला काढायचं की ठेवायचं ते ठरणार आहे.

तुझ्यावर रागावून मी रडत बसले असेन असं तुला वाटत असेल. मी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेले. चामडीच्या रोगांच्या ओपीडीत सकाळी साडेसातला रांगेत लागले. माझ्यापुढे कामठीकडच्या एक अंजनाबाई होत्या. पन्नाशीच्या, हाताची दोन बोटं आखडलेली. माझ्या तोंडाकडे न्याहाळून बघत म्हणाल्या, "खाजते का वं तुले?" मी म्हटलं, "जीव जातो इतकं." तर हसल्या. "मंग तू आमच्यातली नाही. आमच्या चट्ट्याले टाचनी टोचली तरी समजत नाही. तुले खाजते ना? खाजव मस्त."

दादा, दोन महिन्यांत माझ्या तोंडाकडे बघून हसलेलं पहिलं माणूस ते. आणि ती स्वतः महारोगी.

नळावर पाणी प्यायला गेलो तर त्यांनी पिशवीतून स्वतःचा टिनाचा मग काढला. त्यांचा मुलगा त्यांना दाराबाहेर जेवायला वाढतो. गोळ्या चालू झाल्यावर हा रोग दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी त्याला तीनदा समजावलं. "पोरगा मान डोलावते," म्हणाल्या, "अन् ताट उंबऱ्याभाईरच ठेवते."

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी आधी माझा ब्लाउज बघितला. बाही जिथं संपते तिथून रोग सुरू, झाकलेल्या अंगावर एक पुटकुळी नाही. म्हणाल्या, "हे हवेतून येऊन बसतंय तुमच्यावर. तुमच्याभोवती जे जे असतं ते थोडं थोडं घेऊन या." मी पाच पुड्या नेल्या. खडू, कपड्याचा साबण, कडुनिंबाचा पाला, वह्यांवरची धूळ, आणि निघता निघता मायच्या माळेतलं एक फूल देठापानासकट. त्यांनी ते ते पाठीवर चौकोन करून चिकटवलं. दोन दिवस आंघोळ नाही. आत्ता पाठीवर ते पाच चौकोन घेऊन तुला लिहिते आहे.

दसऱ्याला मायला न्यायला येशील तेव्हा माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

सिंधू


बल्लारशा,
२५ सप्टेंबर १९७९

प्रिय सिंधू,

चुकलो. क्लार्क आहे, त्यामुळे अर्ज लिहिणं एवढंच मला येतं.

पण एक सांगतो, जे कधी सांगितलं नाही. मी चौथीत होतो, तू पाळण्यात होतीस. गावच्या शाळेत मास्तर मला वरून पाणी ओतायचे, आणि एकदा ओंजळ थोडी वर गेली, तांब्याला लागली. मास्तरांनी तांब्या विस्तवावर धरला, सगळ्या वर्गासमोर, आणि मला तो लाल होईपर्यंत बघत उभं केलं. तेव्हापासून कोणी ग्लास वेगळा काढला की मला राग येत नाही, तिथून निघून जावंसं वाटतं. तुलाही तिथून काढावं असंच वाटलं. तुझं काही चुकलं असं मला कधीच वाटलं नव्हतं.

दसऱ्याला येतो. बोललीस तर बरं वाटेल.

आनंद


नागपूर,
८ ऑक्टोबर १९७९

आदरणीय दादास,
जयभीम.

स्टेशनावर मी फार बोलले नाही, कारण माय शेजारी होती आणि मला जे सांगायचं होतं ते तिच्यासमोर सांगायचं नव्हतं.

पाठीवरचे चार चौकोन कोरडे निघाले. पाचवा फोडासारखा फुगला होता. मायचं फूल.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला गाजर गवत म्हणतात. हात लावला तर होतंच, पण हात लावायचीही गरज नाही. त्याची पूड वाऱ्यावर उडते, सुकलेल्या फुलांचा भुसा हवेत राहतो, आणि ज्याच्या अंगाला ते मानवत नाही त्याचं तोंड असं होतं. शहरात जिकडे तिकडे माजलं आहे, यंदा असे बरेच पेशंट आहेत म्हणे. आणि मी ते रोज सकाळी सुईत ओवत होते, डोक्यावर टांगत होते, त्याच्याखाली बसून वह्या तपासत होते! माय तुझ्याकडे आली, घरात फुलं बंद झाली, आणि सात दिवसांत पापण्या उतरल्या. तोंड अजून काळं आहे, पण माझं आहे असं वाटतं.

मायला यातलं अक्षरही कळू देऊ नको. बुद्धापुढे ठेवलेल्या फुलानं लेकीचं तोंड जाळलं, हे तिला सोसणार नाही. तिला सांग की खडूचाच त्रास होता.

आता दुसरी गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी सहीशिक्क्याचा कागद दिला आहे. हा महारोग नाही, हा कोणाला लागत नाही. माझ्या पर्समध्ये आहे. मी तो दाखवणार नाही.

तू कपाळाला हात लावशील. लाव. पण मला सांग, हा कागद दाखवला की काय होईल? रुपराव सर म्हणतील, अरे, महारोग नाही तर! मग ग्लास परत जागेवर येईल. म्हणजे महारोग असता तर ग्लास खिडकीत ठेवणं बरोबरच होतं, असं मीच माझ्या सहीनं मान्य केल्यासारखं होईल. आणि अंजनाबाईंनी काय करायचं? त्यांना असा कागद कोण देणार? आपल्यालाही जन्मभर लोक म्हणाले, तुमच्यात अमुक नाही असा कागद आणा, मग जवळ घेऊ. मी कागद आणून माणूस ठरणार नाही. आधी ग्लास आत येईल, मग कागद.

कमिटीची मीटिंग १७ नोव्हेंबरला, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर.

तुझी,
सिंधू


बल्लारशा,
१३ ऑक्टोबर १९७९

प्रिय सिंधू,

हात जोडतो, कागद दाखव. तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, आणि नोकरी गेल्यावरही ते खरंच राहील. आधी नोकरी वाचव, मग भांड.

आणि दुसरं. तुझं पत्र मी कांताला वाचून दाखवत होतो. माय दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. काल रात्रीपासून जेवली नाही. मला क्षमा कर, या घरात माझ्याकडून एकही काम धड होत नाही.

दादा


बल्लारशा,
१८ ऑक्टोबर १९७९

सिंधू, माय सांगते तसं लिहितो आहे. एक शब्द बदलला तरी परत वाचून घेते, म्हणून जसंच्या तसं. – आनंद

सिंधू, तुले मायचा जयभीम.

तुहं पत्र म्या चोरावानी ऐकलं. पहिल्यांदा वाटलं, हे हात तोडून टाकाव. रोज सकाळी ओंजळ भरून आनत होती म्या. तुह्या तोंडाची आग होऊन राहिली होती अन् मी म्हनत होती, आज पौर्णिमा हाय, माळ मोठी कर. दोन दिवस मले भाकर गिळली नाही.

मंग तिसऱ्या दिवशी तुहाच राग आला. काहून लपवलं वं माह्यापासून? माय म्हातारी हाय, तिले सोसनार नाही, तिले सांगू नका. म्हंजे तू बी माह्यासाठी एक ग्लास येगळा काढून खिडकीत ठेवला. मले पोटात पोर घेऊन इटा वाहता आल्या, तुह्या बापाच्या मांगं दोन लेकरं मोठी करता आली, अन् एका गवताची गोष्ट सोसनार नव्हती का?

बुद्धाले फुलाचं काही पडलं नाही. आपल्यालेच सजवायची हौस. उद्यापासून रिकामी फळी बी चालते.

आता माहं आयक. कागद दाखवू नको. आनंद म्हन्ते दाखव. हे लिहून राहिला अन् तोंड वाकडं करून राहिला, तेबी लिही म्हन्लं त्याले. ज्यानं मले पानी पाजलं त्या रुपरावानं माह्या पोरीले तहानलेली ठेवली, हे मले पटत नाही. कांता मोकळी झाली का मी येते.

तुही माय


नागपूर,
२७ नोव्हेंबर १९७९

आदरणीय दादास,
जयभीम.

बाळाला माझा गोड पापा आणि कांतावहिनीला जयभीम. बाळाचे डोळे आपल्या बाबांसारखे आहेत असं माय म्हणते, पण ती सगळ्याच पोरांबद्दल असं म्हणते.

तू मीटिंगचं विचारतोस. मायनं तुला गाडीत बसवून दे एवढंच सांगितलं होतं, कुठं जाते ते सांगितलं नव्हतं, हे मला आता कळलं. ती स्टेशनवरून घरी आलीच नाही. रिक्षा करून थेट शाळेत आली, बोचकं काखेत घेऊन.

मीटिंग स्टाफरूममध्येच होती. कमिटीचे पाच जण, मध्ये अध्यक्ष बळीरामजी, सत्तरी ओलांडलेले. रुपराव सरांनी सगळं सांगून झालं होतं. सांगताना ते वाईट बोलले नाहीत, उलट म्हणाले, बाई हुशार आहेत, पोरी जीव टाकतात, फक्त एक कागद आणायला इतका नकार का, हे समजत नाही. बळीरामजींनी मला विचारलं, "बाई, रोग लागणारा हाय का नाही, एवढं सांगून द्या ना." मी म्हटलं, "आधी मला या माठातलं पाणी पिऊ द्या. मग सांगते." ते म्हणाले, "अन् लागणारा असला तर?" मी म्हटलं, "तरी तहान लागतेच."

दादा, पर्सवर हात होता. खरं सांगते, कागद निम्मा बाहेर काढलाही होता.

तेवढ्यात माय दारात. रुपराव सर उठून उभे राहिले. "मायबाई, तुमी इथं कायले आल्या?"

"तहान लागली म्हनून आली," ती म्हणाली.

सरळ खिडकीपाशी गेली. तीन महिन्यांची धूळ बसलेला तो ग्लास घेतला, पदरानं पुसला. बुडाशी तो लाल ठिपका. प्यून ओगराळं घेऊन धावला, तर त्याला हातानं बाजूला केलं. माठावरचं झाकण काढलं आणि ग्लास, हातासकट, आत बुडवला. सगळ्यांसमोर घटाघट प्यायली. दुसऱ्यांदा भरला आणि रुपराव सरांपुढे धरला.

म्हणाली, "छप्पन साली तू मले पानी पाजलं होतं, रुपराव. पेला कोनाचा, माह्या आधी कोन प्यालं, मी इचारलं होतं का गा तुले? तवा तिथं काय कमी रोगी मानसं होती? खोकनारी होती, खरजेची होती, बोटं झडलेली बी होती. घागर एकच होती. घे."

सरांनी घेतला नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. ते खाली बघत बाहेर निघून गेले.

ग्लास मायच्या हातात तसाच. बळीरामजींनी हात पुढे केला. "दे वं इकडं, माहाही घसा सुकला." प्यायले, मिशा पुसल्या, म्हणाले, "रजेचा इषय संपला. पुढचं घ्या." पुढचा विषय कौलांचा होता.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. एक बाई अजूनही पाणी घरून आणतात. इंदूबाई तीन दिवसांनी माझ्या शेजारी डबा घेऊन बसल्या, आणि बसल्यावर रडल्या. मी म्हटलं, भाजी खारट होईल. सोमवारी ग्लास सहाही माठाशेजारी होते आणि लाल ठिपका ब्लेडनं खरवडून काढलेला. प्यून म्हणाला, सर सकाळी लवकर येऊन स्वतः खरवडत बसले होते. सर माझ्याशी अजून फारसं बोलत नाहीत. कागद माझ्या पर्समध्येच आहे. अजून कोणी मागितला नाही.

शाळेच्या मागचं गाजर गवत गेल्या रविवारी पालकांनी उपटलं. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, तोंडाला फडकी बांधून. फुलं येण्याआधी उपटायला हवं होतं, पण पुढच्या वर्षी लवकर लागू. मी वाऱ्याच्या उलट बाजूला, तोंडभर पदर गुंडाळून, लांबूनच हुकूम सोडत होते. पोरींनी माझं नाव डाकूबाई ठेवलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्रास पुढच्या पावसाळ्यात परत उठेल, दरवर्षी उठेल. उठू दे. पूर्ण बाह्यांचे दोन ब्लाउज शिवायला टाकले आहेत.

एक गोष्ट राहिली. ती तुला लिहिणार नव्हते.

परवा अंजनाबाई घरी आल्या. मीच पत्ता दिला होता, मीच आग्रह केला होता. चटईवर बसल्या, मायशी गप्पा सुरू झाल्या. मी आत चहा ओतायला घेतला आणि माझा हात, दादा, फळीच्या मागच्या बाजूला, तो कान तुटलेला कप आहे ना, त्याच्याकडे गेला. कोणी सांगितलं नव्हतं. डोक्यात काही नव्हतं. हात आपणहून गेला. कमिटीपुढे एवढं बोललेली मी!

मागं वळून बघितलं तर माय दारातून बघत होती. आणि तिच्यापलीकडे अंजनाबाईंनी सवयीनं पिशवीतून आपला टिनाचा मग काढून गुडघ्यावर तयार ठेवला होता.

मी तुटका कप जागेवर ठेवला. बाहेर जाऊन त्यांच्या हातातला मग घेतला, पिशवीत घातला, आणि माझ्या रोजच्या कपात त्यांना चहा दिला. त्यांचा पिऊन झाल्यावर त्याच कपात मी घेतला. पहिला घोट घशाखाली जायला वेळ लागला. तोही लिहिते, कारण रुपराव सरांबद्दल इतकं लिहिलं, तर माझ्याबद्दलही लिहायला पाहिजे.

जाताना अंजनाबाई म्हणाल्या, साखर कमी होती. पुढच्या वेळी जास्त घालीन.

तुझी,
सिंधू